केहल की स्ट्रासबर्ग? वीजबिलाची तुलना कशी करावी (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

आम्ही ऱ्हाइनच्या जर्मन काठावर, केहलला भाड्याने राहतो. नवऱ्याची नोकरी पलीकडे स्ट्रासबर्गला. ट्रामने पूल ओलांडला की फ्रान्स. आता तिकडेच घर बघतोय. जो तो सांगतो, "तिकडे वीज निम्म्या भावात आहे, डोळे झाकून जा." मला हा हिशेब तेवढा सरळ वाटत नाही.

इथे आम्हाला युनिटला ३६ सेंट पडतात, वर दरमहा १२ युरो स्थिर आकार. वर्षाला २४०० युनिट जळतात, म्हणजे जवळपास १००० युरो. नवीकरणीय ऊर्जेचा अधिभार जुलै २०२२ मध्ये रद्द झाला खरा, पण वहन आकार, युनिटमागे २.०५ सेंट वीजकर आणि सगळ्यावर १९ टक्के व्हॅट आहेच.

फ्रान्समध्ये सरकारी नियंत्रणातला दर आहे. १ फेब्रुवारी २०२५ला तो युनिटमागे २५ सेंटवरून २० सेंटवर आला. तेवढेच युनिट तिथे जाळले तर सरळसरळ साडेतीनशे युरो वाचतात.

पण आम्हाला आवडलेल्या फ्लॅटमध्ये प्रत्येक खोलीत भिंतीवर विजेचे हीटर आहेत, आंघोळीच्या पाण्यालाही विजेचीच टाकी. इथे हे सगळं गॅसवर चालतं आणि त्याचे पैसे घरभाड्यासोबत जातात, वीजबिलात दिसतच नाहीत. मग तुलना करायची कशाची? तिकडे राहणाऱ्यांनी कृपया सांगा, हिवाळ्यात बिल किती येतं? घरात लहान मूल आहे, थंडीत काटकसर करून चालणार नाही.

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे. दर नका बघू, वर्षाचा एकूण ऊर्जाखर्च बघा: केहलमधला गॅस अधिक वीज, आणि स्ट्रासबर्गमधली नुसती वीज. फ्रान्समध्ये घराच्या जाहिरातीत ए (सर्वांत चांगली) ते जी (सर्वांत वाईट) अशी ऊर्जाश्रेणी आणि घर तापवणं, गरम पाणी, दिवे यांच्या वर्षाच्या खर्चाचा अंदाज द्यावाच लागतो. आधी तो वाचा. जी श्रेणीचं घर तर १ जानेवारी २०२५ पासून नव्याने भाड्याने देताच येत नाही.

दुसरं, स्थिर आकार मंजूर भारावर ठरतो. आत्ता तिथे ६ केव्हीए आहे की ९, हे विचारून घ्या. हीटर, ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकदम लावलं की ६ वर मेन स्विच पडतो, आमच्याकडे पडायचा.

तिसरं, दिवसातले आठ तास स्वस्त दराचे घेता येतात. पाण्याची टाकी त्या वेळेत तापवायची, तो फरक चांगलाच जाणवतो. 'टेम्पो' नावाच्या योजनेत मात्र वर्षातले २२ दिवस दर खूप चढा असतो आणि ते दिवस ऐन थंडीतच येतात. मूल लहान आहे तर त्या वाटेला जाऊ नका.

धागाकर्ती

खूप आभार! जाहिरात पुन्हा उघडली. श्रेणी ई, अंदाज वर्षाला १२८० ते १७८० युरो. इथे गॅसचे ९०० धरले तर आमचा खर्च १९०० होतो. म्हणजे थोडा फायदा असेलही, पण निम्म्याची गोष्ट नव्हे, आणि फ्रिज, स्वयंपाक अशी बाकीची वीज आणि वाढलेलं घरभाडं त्यात मोजायचं राहिलंय. आता एवढंच सांगा: आधीच्या भाडेकरूंचं जानेवारी-फेब्रुवारीचं बिल घरमालकाकडे मागितलं तर तिकडे वावगं वाटतं का?