कॉम्पोझिटमधला सांधा लपवायचा की उघडा ठेवायचा?

निगेटिव्ह

मी पुण्यात फोटोग्राफी शिकते, शेवटचं वर्ष. वर्षाच्या प्रकल्पासाठी पानशेतच्या पुराचे जुने फोटो आणि आजच्या पेठा एकाच फ्रेममध्ये जोडते आहे. अशा जोडचित्राला कॉम्पोझिट म्हणतात. त्यातली जोडाची कड, म्हणजे सांधा, लपवायचा की दिसू द्यायचा यावरून वर्गात दोन तट पडलेत. माझं मत पक्कं आहे, ते इथे मांडते; तुम्ही खोडून काढा.

12 जुलै 1961 ला आधी पानशेतचं मातीचं धरण फुटलं, मग खालचं खडकवासला, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पाणी ओसरल्यावर माझ्या आजोबांनी बॉक्स कॅमेऱ्याने आमच्या गल्लीचे फोटो काढले. चिखलात रुतलेला पलंग, भिंतीला टेकवून ठेवलेल्या गाद्या, उंबऱ्यावर भांडी विसळत बसलेली एक बाई. मी त्याच जागी उभी राहून आजचा फोटो काढते आणि फोटोशॉपमध्ये दोन्ही थर एकमेकांवर बसवते.

सुरुवातीला ते बसेचनात. भिंतीची कड जुळवली की रस्ता कलायचा, रस्ता सरळ केला की खिडकी वर सरकायची. मग कळलं की बॉक्स कॅमेरा पोटाशी धरून, वरून डोकावून फोटो काढतात. आजोबांचं भिंग कमरेच्या उंचीवर होतं आणि माझं डोळ्यांच्या. ट्रायपॉड खाली आणला, दिवस ढगाळ निवडला (जुन्या फोटोत सावल्याच नाहीत), तेव्हा कुठे दोन्ही उंबरे एका रेषेत आले.

इथून पुढे मी थांबते. मास्कची (थराचा कुठला भाग दिसेल ते ठरवणाऱ्या साच्याची) कड मऊ करायची, ग्रेन (फोटोतले बारीक कण) सारखं करायचं, रंग जुळवायचे आणि सांधा नाहीसा करायचा, हे आम्हाला शिकवतात आणि मार्कही त्यालाच असतात. मी ते करत नाही. जुना भाग कृष्णधवल, नवा रंगीत, आणि दोन्हींची कड फ्रेमच्या मधोमध उघडी. कारण कॅप्शन गळून पडतं. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला की फाइलमधली माहितीही पुसली जाते. कोपऱ्यात ‘कॉम्पोझिट’ असं लिहिलं तर कोपरा कातरता येतो. मधला सांधा कातरला तर चित्रच उरत नाही. जोडलेलं चित्र प्रामाणिक ठेवायचा याहून भक्कम मार्ग मला दिसत नाही.

एक चित्र वादाचं झालंय, त्याचंही सांगते. भांडी विसळणारी बाई मान वर करून बघतेय. आजच्या फोटोत स्कूटरवर बसलेला एक मुलगा आहे. त्याचा थर मी थोडा डावीकडे सरकवला. आता ती दोघं एकमेकांकडे बघताना दिसतात.

डेडलाइन

तू विद्यार्थिनी आहेस म्हणून एकेरीत लिहितो, राग मानू नकोस. मी वर्तमानपत्रासाठी फोटो काढत आलो. माझा या सगळ्याला विरोध आहे आणि तो सांध्यापुरता नाही.

2003 साली इराकमध्ये बसऱ्याजवळ लॉस एंजेलिस टाइम्सचा फोटोग्राफर ब्रायन वॉल्स्की याने एकाच प्रसंगाच्या दोन फ्रेम जोडल्या. सैनिक खरा, माणसं खरी, जागा खरी. एका फ्रेममध्ये सैनिकाचा हात चांगला आला होता, दुसरीत मूल घेऊन उभा असलेला माणूस. दोन्ही एकत्र केल्या, फोटो पहिल्या पानावर गेला, मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की मागच्या गर्दीतली माणसं दोनदा दिसतायत. नोकरी गेली. प्रश्न त्याच्या नोकरीचा नाही. त्या दिवसापासून त्याच्या आधीच्या खऱ्या फोटोंकडेही लोक संशयाने बघायला लागले. 2015 ला वर्ल्ड प्रेस फोटो या बातमीच्या फोटोंच्या स्पर्धेने शेवटून दुसऱ्या फेरीत पोचलेल्या फोटोंपैकी 20 टक्के बाद केले, कारण त्यांत भर घातलेली किंवा काही काढून टाकलेलं आढळलं. धंद्यात मुरलेल्या लोकांचे फोटो होते ते.

तुझ्या आजोबांचे फोटो हा पुरावा आहे. पूर पेठेत कुठवर चढला, काय वाहून गेलं, काय उरलं, याचा. दरवर्षी खडकवासल्यातून पाणी सोडलं, नदीपात्रातला भिडे पूल बुडाला की जुने-पुराणे फोटो ‘आत्ताचं पुणे’ म्हणून फिरायला लागतात. त्यात तू आणखी भर का घालतेस? आजोबांचे फोटो नीट स्कॅन कर, प्रत्येकाखाली गल्ली आणि घर लिही, शेजारी आजचा फोटो लाव. जोडायची गरज काय?

लाल दिवा

डेडलाइन, बातमीचा नियम तुम्ही सगळ्या फोटोग्राफीला लावताय.

1850 च्या दशकातल्या ओल्या काचेच्या प्लेटवर (तेव्हाची फिल्म म्हणजे हीच) निळा प्रकाश फार लवकर उमटायचा. समुद्र नीट आला की आकाश पांढरंफटक. म्हणून फ्रेंच फोटोग्राफर गुस्ताव ल ग्रे समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी घेऊन क्षितिजावर जोडायचा. 1857 ला ऑस्कर रेलांडरने तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक भलंमोठं चित्र केलं, ते मँचेस्टरच्या प्रदर्शनात लागलं आणि त्याची प्रत राणी व्हिक्टोरियाने विकत घेतली. अमेरिकन फोटोग्राफर जेरी उल्समन एका खोलीत अनेक एनलार्जर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर उतरवायची यंत्रं) मांडून एकच कागद एकाखालून दुसऱ्याखाली न्यायचा. फोटोशॉप 1990 चं, त्यात लेयर आले 1994 ला. कला त्याच्या कितीतरी आधीची आहे.

पण निगेटिव्ह, मला तुझंही पटत नाही. वरच्या सगळ्यांनी सांधा लपवण्यातच जीव ओतला होता. मी स्वतः डार्करूममध्ये पुठ्ठ्याचा तुकडा एनलार्जरखाली सतत हलवत ठेवायचो, कड कुठेही बसू नये म्हणून. ते कसब आहे. सांधा उघडा ठेवणं ही तुझी शैली आहे, जरूर ठेव. त्याला प्रामाणिकपणाचं नाव दिलंस की उरलेले सगळे अप्रामाणिक ठरतात, आणि हे मला मान्य नाही.

स्टुडिओवाला सातारा

लाल दिवा यांच्याशी सहमत. माझ्याकडे महिन्याला कुणी ना कुणी येतं. लग्नाचा ग्रुप फोटो असतो, वडील आधीच गेलेले असतात, पासपोर्ट साइज एवढा एकच फोटो शिल्लक. “यांना आईच्या शेजारी उभं करा.” मी करतो. दुसऱ्या कुणाच्या अंगावरचा कोट घेतो, मांडवातला पिवळा उजेड चेहऱ्यावर आणतो, खांद्यावर शेजाऱ्याची हलकी सावली टाकतो. तिथे सांधा उघडा ठेवला तर ती माऊली फोटो भिंतीला लावणार नाही. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं की ते लग्नात नव्हते. मग फसलं कोण?

राजस्थानात नाथद्वाऱ्याला श्रीनाथजींच्या (कृष्णाच्या) रंगवलेल्या चित्रात यात्रेकरूंचे फोटोतले चेहरे कापून चिकटवायची रीत होती. चित्र घेणाऱ्याला ते माहीत असायचं, बघणाऱ्यालाही.

निगेटिव्ह

स्टुडिओवाले काका, तुमचा फोटो भिंतीवर आहे तोवर तुमचं शंभर टक्के बरोबर. त्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पण तोच फोटो नातवाच्या मोबाइलमधून बाहेर पडला आणि सांगणारं कुणी उरलं नाही, तर बघणाऱ्याला वडील लग्नात हजर होते असंच वाटणार. घरगुती फोटोत त्याने कुणाचं बिघडत नाही. पुराच्या फोटोत बिघडतं. म्हणून माझा आग्रह ज्या फोटोला पुरावा म्हणून किंमत आहे त्याच्यापुरता आहे. लाल दिवा, समुद्रावरच्या ढगांना मी अप्रामाणिक म्हणत नाही.

डेडलाइन काका, शेजारी-शेजारी लावून मी पाहिलंय. लोक डावीकडचा फोटो बघतात, हळहळतात, उजवीकडचा बघतात आणि पुढे जातात. जोडल्यावर मात्र गल्लीतलेच लोक थबकले. एकाने सांध्यावर बोट ठेवून विचारलं, म्हणजे चिखल माझ्या पार्किंगमध्ये होता का? हा प्रश्न दोन वेगळ्या फोटोंनी कुणाला पडला नव्हता. चित्रकार विवान सुंदरम यांनी 2001 च्या सुमारास ‘री-टेक ऑफ अमृता’मध्ये आपले आजोबा उमरावसिंग शेरगिल यांनी काढलेले घरातल्यांचे फोटो डिजिटल पद्धतीने एकमेकांत गुंफले. मूळ फोटोंना त्याने धक्का लागला नाही, उलट ते फोटो बघायला लोक पुन्हा वळले.

डेडलाइन

पार्किंगवाली गोष्ट मोलाची आहे, ते कबूल. तरी तुझा सांधा तुला वाटतो तेवढा भक्कम नाही. आज कृष्णधवल फोटोला रंग भरून देणारी ॲप फुकट मिळतात. तुझं चित्र कुणी त्यात टाकलं की दोन्ही बाजू रंगीत, कड पुसट, आणि 1961 चा चिखल आजच्या स्कूटरखाली. मग?

निगेटिव्ह

तसं होऊ शकतं, यावर मी विचार केला आहे. म्हणून रंगावर विसंबत नाही. जुन्या प्रिंटवरच्या घड्या, ओरखडे आणि पांढरी नागमोडी किनार मी तशीच ठेवते आणि ती किनारही फ्रेमच्या मध्येच येऊ देते. रंग भरला तरी कागदाची किनार दिसणारच. ती काढायला कुणाला तरी बसून, मुद्दाम, मेहनतीने खोटं करावं लागेल. त्या माणसाला कुठलंही लेबल अडवू शकत नाही. नकळत फसणाऱ्यांना अडवता आलं तरी माझ्यासाठी पुष्कळ आहे.

नदीकाठ

आमचं घर शनिवार पेठेत होतं. पुरात गेलं आणि आम्ही गोखलेनगरला आलो. माझी आई अशीच उंबऱ्यावर चिखलाने माखलेली भांडी विसळत बसली होती, असं मोठी बहीण सांगते. त्यामुळे सांधा, किनार, रंग यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. मला त्या बाईबद्दल बोलायचंय.

बाळ, तू दोघांना एकमेकांकडे बघायला लावलंस. ती बाई तुझ्या आजोबांकडे बघत होती. घरात काही उरलेलं नसताना समोर कुणीतरी कॅमेरा धरून उभं आहे, याचा जो काय भाव तिच्या तोंडावर असेल तो त्यांच्यासाठी होता. तू तो उचलून स्कूटरवरच्या पोराला दिलास. भिंत भिंतीवर बसवलीस ते ठीक, भिंत तिथेच आहे. नजर तिथे नव्हती. आणि तुझा तो उघडा सांधा याबद्दल काहीच सांगत नाही, कारण बघणाऱ्याला वाटेल की फक्त काळ जोडलाय, माणसं जिथल्या तिथे आहेत.

लाल दिवा

या मुद्द्यापुढे मी गप्प. फक्त एवढंच की कला म्हणून तेच चित्र सगळ्यांत जोरकस असणार.

डेडलाइन

जोरकस असणारच. वॉल्स्कीचंही होतं.

निगेटिव्ह

काकू, तुम्ही म्हणता ते मला वर्गात कुणीच सांगितलं नाही. सांध्याचा माझा नियम काळापुरता आहे, सरकवलेल्या थराबद्दल तो मुका आहे, हे खरं. बाकीच्या सगळ्या चित्रांत मी काहीही हलवलेलं नाही, तिथे माझं म्हणणं जसंच्या तसं ठेवते. या एका चित्रात मुलगा होता त्या जागी परत नेऊन बघते. तिथून तो रस्त्याकडे बघतो आणि बाई कॅमेऱ्याकडे. प्रदर्शनात हेच लावेन, शेजारी आजोबांची मूळ प्रिंट, न कातरता. सरकवलेलं चित्र मात्र मी टाकून देणार नाही. ते वेगळ्या खोलीत, ‘मी रचलेलं’ असं मोठ्या अक्षरांत लिहून लावायचा विचार आहे.

नदीकाठ

वेगळ्या खोलीतही लावू नकोस असं मी म्हणेन. त्या बाईच्या घरचं कुणी पेठेत आहे का, ते आधी शोध. फोटोतला दरवाजा आणि त्यावरची कमान मोठी करून इथे टाक. ओळखणारी माणसं अजून आहेत.

डेडलाइन

टाकशील तेव्हा मूळ स्कॅन टाक, जोडलेलं नको.