परसात सामानाची शेड: लोखंडी, चिऱ्याची की रेडीमेड? (समुद्र पाऊण किलोमीटरवर)

माडाखालचा:
नमस्कार मंडळी. आमचं घर दापोली तालुक्यात केळशीच्या बाजूला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात परसातल्या जुन्या शेडचे पत्रे उडून शेजारच्या वाडीत जाऊन पडले, मग दिवाळीच्या आसपास घाईघाईत अँगल आणि पत्र्याची नवीन करून घेतली. तेव्हा गावात सगळ्यांचीच कामं चालू होती, जो मिळाला त्याच्याकडून करून घेतली. परवा पायाच्या अँगलवर हातोडीने सहज टकटक केलं तर पापुद्रेच्या पापुद्रे सुटले आणि बोट जाईल एवढं आरपार भोक निघालं. पत्रा वरून अजून चांगला दिसतो, आतून मात्र कडेकडेला तांबूस झालाय.
१० बाय १२ फूट पुरे. आत ग्रासकटर, पंप, पाइपची बंडलं, दोनचार पोती खत आणि सोललेली सुपारी असते. वडील म्हणतात चिऱ्याचीच, म्हणजे जांभ्या दगडाची बांध, फॅब्रिकेटर म्हणतो पुन्हा लोखंडीच कर, भाऊ ऑनलाइन प्लास्टिकच्या शेडचे फोटो पाठवतोय. पुन्हा पाच वर्षांनी हाच खर्च करायची ताकद नाही, म्हणून मनापासून विचारतोय, तुमच्याकडे काय टिकलंय?

खाडीकाठ_वेल्डर:
दादा, मी रत्नागिरीत वीस वर्षं फॅब्रिकेशन करतोय. तुमची शेड पायातून गेली. अँगल थेट काँक्रीटमध्ये पुरला असणार, तिथे जमिनीला लागून पाणी आणि माती धरून राहते आणि खारा वारा बाराही महिने, मग लोखंड बरोबर त्याच रेषेवर कापल्यासारखं जातं. पुन्हा लोखंडीच करणार असाल तर जमिनीच्या वर फूटभर काँक्रीटचे ठोकळे काढा, त्यांच्या माथ्याला बाहेरच्या बाजूला उतार द्या म्हणजे पाणी थांबणार नाही आणि त्यावर बेसप्लेट नटबोल्टने बसवा.
दुसरं वेल्डिंग. वेल्ड झाल्यावर वरची काळी खपली हातोडीने ठोकून, वायर ब्रश मारून चकचकीत करायला लावा आणि समोर उभं राहून झिंकवाला प्रायमर मारून घ्या. नुसता रेड ऑक्साइड फासून वर ऑइलपेंट केला की दोन पावसाळ्यात जोडाजोडावर तांबेरा येतो, हे मी स्वतःच्या घराच्या गेटवर बघितलंय. बॉक्स पाइप वापरलात तर दोन्ही तोंडं बंद करा, उघड्या तोंडातून दमट हवा आत जाते आणि पाइप आतून सडतो, बाहेरून कळतसुद्धा नाही.
पत्रा घेताना जाडीबरोबर कोटिंग विचारा. साधा जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला पत्रा, बरेचदा १२० जीएसएमचा असतो, म्हणजे दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला १२० ग्रॅम जस्त, समुद्राजवळ २७५चा मागा किंवा अ‍ॅल्युमिनियम-झिंकवाला घ्या, फक्त तो ओल्या सिमेंटला टेकू देऊ नका, कोटिंग खातं. आणि पत्रा ग्राइंडरने कापू देऊ नका, कातरीने कापा, ग्राइंडरच्या ठिणग्या पत्र्यावर चिकटतात आणि पहिल्याच पावसात ठिपक्याठिपक्याने गंजतात.
तुमचा पत्रा आतून खराब झालाय त्याचं कारण म्हणजे वरचं मीठ पाऊस धुऊन नेतो, खालची बाजू आणि वळचण कधीच धुतली जात नाही. होळीच्या सुमारास एकदा पाइप घेऊन आतून गोड्या पाण्याने धुवा. खत तिथे ठेवूच नका, पोतं ओल धरतं आणि लोखंडाला समुद्राइतकंच वाईट.

आचऱ्याची_ताई:
माका विचारशात तर चिरोच बरो :) आमच्या सासऱ्यांनी बांधलेला मांगर (सामानाची खोपी) माझ्या लग्नाच्या आधीपासून उभा आहे, वरची कौलं दोनदा चाळली, वासे काही बदलले, भिंतीला हात लावावा लागला नाही. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, वाऱ्यावर राहून घट्ट होतो, म्हणून जरा वाळलेला घ्या.
पण सगळं छपरावर आहे हां. चिरा पाणी पितो. आमची नैऋत्येची भिंत आषाढात हात लावला की गार आणि ओली लागायची, तिकडून झड येते ना. मग त्या बाजूची वळचण अडीच फूट बाहेर काढली आणि जोतं दीड फूट उचललं तेव्हा फरक पडला. दार चुकूनही पश्चिमेला ठेवू नका. सुपारी ठेवणार असाल तर वर दोन बाजूंना जाळी हवीच, कोंदट राहिलं की बुरशी येते, आमची एका वर्षीची दोन पोती अशीच गेली, अजून वाईट वाटतं. जमिनीत कोबा करताना खाली खडी चांगली ठोकून घ्या, नाहीतर घुशी जोत्याखालून आत येतात.
२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा कडेच्या दोन ओळी उडाल्या, बाकी कौलं जागेवर. आता कडेच्या ओळी तारेने बांधून ठेवल्यात. आणि माडाखाली नका बांधू, नारळ पडला की कौल फुटतं, पत्र्याला खड्डा पडतो.

वाडीवर_परत:
प्लास्टिकच्या शेडचं मी सांगतो, अलिबागकडे आमच्याकडे आहे. गंजत नाही हे शंभर टक्के खरं, पण हलकी असते, खाली काँक्रीटचा ओटा करून बोल्ट मारले नाहीत तर वाऱ्यात जागा सोडते. आमची पहिल्या पावसात चार बोटं सरकली, दार लागेना. आता ओट्याला धरून आहे, पण फळी भिंतीला ठोकता येत नाही, जड काही टांगता येत नाही. कुदळ, फावडी, पाइप एवढ्यालाच ठीक. तुमच्या सुपारीला नाही चालणार, बंद खोक्यासारखं गरम होतं आत.

माडाखालचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज जाऊन बघितलं, अँगल खरंच काँक्रीटमध्ये पुरलाय आणि चारही पाय त्याच रेषेवर गेलेत. खताची पोती नेमकी सगळ्यात सडलेल्या कोपऱ्यात होती. आता विचार असा, की भिंती चिऱ्याच्या करायच्या, जुन्या गोठ्याचे चिरे पडून आहेतच, दार पूर्वेला, खत वेगळं पडवीत. छपराला मात्र लाकूड परवडत नाही. चिऱ्याच्या भिंतीवर लोखंडी पाइप टाकून वर कौलं घातली तर चालेल का? आणि पाइपची टोकं भिंतीत पुरायची का?

खाडीकाठ_वेल्डर:
चालेल, हल्ली आमच्याकडे बरेच जण तसंच करतात. टोकं भिंतीत पुरू नका, पुन्हा तीच गोष्ट होईल. भिंतीच्या माथ्यावर काँक्रीटचा पट्टा ओता, त्यात बोल्ट आधीच सोडून ठेवा, त्यावर प्लेट आणि प्लेटवर पाइप. म्हणजे छप्पर वाऱ्याला उचलणार नाही आणि उद्या एखादा पाइप खराब झाला तर भिंत न फोडता काढता येईल. समुद्र जवळ आहे तर चिरा लावायच्या आधी ग्रामपंचायतीत सीआरझेडचं, म्हणजे किनाऱ्याजवळच्या बांधकामाच्या नियमांचं विचारून घ्या. काम पाडव्याच्या आसपास सुरू करा, मेअखेर कौलं चढलीच पाहिजेत.