करिअरची दोरी आपल्या हाती, की ही फक्त कंपनीची हात झटकायची सोय?

नोंदवही (धागाकर्ता)

अप्रेझल झालं की तीच तक्रार कानावर येते: वर्षभर राबलो, पण साहेबांनी दखल घेतली नाही. माझ्या मते दखल घेणं साहेबांचं काम असेल, पण नोंद ठेवणं आपलं आहे.

बहुतेकजण सेल्फ-अप्रेझलचा फॉर्म आला की विचार करायला बसतात. हे वरातीमागून घोडं. बढतीच्या जागा किती आणि बजेट किती, हे बऱ्याच ठिकाणी तोवर ठरलेलं असतं. बोलायचं तर त्याच्या तीन-चार महिने आधी बोला.

आणि दर शुक्रवारी १५ मिनिटं नोंद लिहा. 'रिपोर्टिंग सुधारलं' ही नोंद नव्हे. 'महिनाअखेरचा अहवाल बनायला ३ दिवस लागत, आता ५ तास. दोन फायली हाताने जुळवणं बंद केलं' ही नोंद. यातला आधीचा आकडा कामाला हात घालण्यापूर्वीच टिपावा लागतो. नंतर तो कुणाकडेच सापडत नाही आणि सुधारणा दाखवायला काही उरत नाही.

साहेबांकडे वेगळा अर्धा तास मागा. प्रोजेक्टच्या मीटिंगच्या शेपटाला हा विषय लावला तर उत्तर 'बघू' असंच येणार. त्या अर्ध्या तासात ताकाला जाऊन भांडं लपवू नका. सरळ विचारा: पुढच्या पातळीसाठी माझ्यात नेमकं काय कमी आहे, ते भरून निघालं हे तुम्ही कशावरून ओळखाल, आणि निर्णयात तुमच्याशिवाय कोण असतं? त्याच दिवशी चार-पाच ओळींची मेल टाका, 'आपलं असं ठरलं, काही चुकलं असेल तर सांगा'. सहा महिन्यांनी साहेब बदलले तर तेवढाच कागद हाती राहतो.

उलट_तपासणी

'करिअर तुमचं, जबाबदारीही तुमची' हे ऐकायला छान वाटतं, पण सोय कोणाची होते? प्रशिक्षणाचा खर्च कापायचा, पगाराचे बँड (कुठल्या पातळीला किती ते किती पगार) झाकून ठेवायचे, आणि माणूस अडला की म्हणायचं तूच पुढाकार घेतला नाहीस.

रेटिंग ठरतं कॅलिब्रेशनमध्ये. सगळे मॅनेजर आपापली यादी घेऊन बसतात आणि एकेका नावाला जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात. तुम्ही त्या खोलीत नसता. वरचे इतके टक्के, खालचे इतके टक्के असा कोटा असेल तर चांगलं काम करूनही कुणीतरी खाली जाणारच. मायक्रोसॉफ्टने अशी सक्तीची क्रमवारी २०१३ मध्ये बंद केली, ती काय कर्मचाऱ्यांच्या वह्या अपुऱ्या होत्या म्हणून? पद्धतच सडकी असेल तर शुक्रवारची १५ मिनिटं काय करणार?

आणखी एक. चांगला माणूस सोडायला मॅनेजर तयार नसतो. अंतर्गत बदलीला त्याचीच संमती लागत असेल, तर तुमच्या पुढाकाराची किल्ली त्याच्याच खिशात.

नोंदवही

कोटा असेल तर वहीने तो मोडत नाही, मान्य. पण त्या दोन-तीन मिनिटांत तुमचा मॅनेजर काय बोलणार? 'मेहनती आहे' म्हणाला की नाव खाली सरकलंच, कारण पलीकडचा आकडे घेऊन आलेला असतो. म्हणून वर्षाच्या वहीतून तीनच वाक्यं काढून त्याच्या हाती द्यायची. अख्खी वही दिली तर तो वाचणार नाही.

बदलीचं म्हणाल तर नियम आधी वाचावा. काही ठिकाणी आहे त्या जागी ठरावीक काळ काढल्याशिवाय अर्जच करता येत नाही. काही ठिकाणी मॅनेजरला फक्त कळवायचं असतं, संमती लागतच नाही, आणि लोक उगाच घाबरून बसतात.

पाना_पक्कड

दोघेही ऑफिसातलंच बोलताय. देखभाल विभागातल्या किंवा मशीनवरच्या माणसाला शुक्रवारी १५ मिनिटं लॅपटॉप कोण देतो? तिथे चालते स्किल मॅट्रिक्स, म्हणजे भिंतीवरचा तक्ता: कोण कुठलं मशीन शिकतोय, कोण देखरेखीखाली चालवतो, कोण एकट्याने, कोण दुसऱ्याला शिकवू शकतो. आपला चौकोन बघायचा आणि एका वेळी एकच मशीन एक पायरी वर न्यायचं. केलेल्या कामाची तारीख, बिघाड आणि उपाय लॉगबुकात लिहून त्याच आठवड्यात सुपरवायझरची सही घ्यायची. साठवून सहा महिन्यांच्या सह्या एकदम मागितल्या की कुणी करत नाही, आणि करू पण नये.

उलट_तपासणी

हे पटलं. कारण इथे निकष भिंतीवर लावलेला असतो, साहेबांच्या मनात नसतो.

अर्धा_पेला

कोर्सवाल्यांनाही आवरा कुणीतरी. प्रमाणपत्रं साचतात, काम तेच राहतं. शिकलेलं चार-सहा आठवड्यांत कामात वापरायला मिळणार नसेल तर आत्ता शिकूच नये, विसरलंच जातं. आधी हव्या त्या पदाच्या आठ-दहा जाहिराती समोर ठेवा. निम्म्याहून अधिक ठिकाणी येणारी कौशल्यं वेगळी काढा आणि त्यातलं एकच पुढच्या तीन महिन्यांसाठी धरा. कंपनीने कोर्सचे पैसे दिले तर परतफेडीची अट बघा, किती महिन्यांत नोकरी सोडल्यास किती रक्कम.

७०-२०-१० चं सूत्रही सगळीकडे फेकलं जातं: ७० टक्के शिकणं कामातून, २० इतरांकडून, १० वर्गातून. ते यशस्वी अधिकाऱ्यांनी स्वतःच्या आठवणीवरून जे सांगितलं त्यातून आलेलं आहे, मोजमापातून नव्हे. त्यावर प्रशिक्षणाचं बजेट कापणं म्हणजे कमालच.

तिसरी_बाजू

पुढाकार घ्या म्हणताना कशात, तेही सांगा. मीटिंगचे मिनिट्स (इतिवृत्त) लिहिणं, नव्या माणसाला रुळवणं, कार्यक्रम ठरवणं ही कामं गरजेची असतात, बढतीच्या वेळी मोजली जात नाहीत. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासात असं दिसलं की अशी कामं स्त्रियांकडे जास्त मागितली जातात आणि त्या जास्त वेळा होही म्हणतात. 'नाही म्हणायला शिका' हा सल्ला मला अपुरा वाटतो, कारण नकाराची किंमतही त्यांनाच मोजावी लागते. पाळी लावा. या महिन्यात मिनिट्स कोण, पुढच्या महिन्यात कोण, हे टीमच्या कॅलेंडरवर नावानिशी असू द्या.

उलट_तपासणी

पाळी लावणार कोण? मॅनेजरच ना! फिरून तिथेच आलो.

तिसरी_बाजू

पहिल्या महिन्याला स्वतःचं नाव घालून तक्ता कुणीही मांडू शकतं. तो मोडायचा तर मॅनेजरला सगळ्यांसमोर मोडावा लागतो.

नोंदवही

एक राहिलं. वही घरी हवी म्हणून ऑफिसच्या मेल स्वतःच्या खात्यावर पाठवू नका, यात नोकरी जाऊ शकते. ग्राहकाचं नाव आणि खरी रक्कम गाळून टक्केवारी लिहा: 'तक्रारी ४० टक्के घटल्या' एवढं पुरतं.