मदत हवी आहे: पुराचं पाणी संडासातून घरात येतं (बडोदा)

आमचं तळमजल्यावरचं घर समा भागात, विश्वामित्री नदीपासून जवळ. ऑगस्ट २०२४ मध्ये नदी ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा दाराशी वाळूच्या गोण्या रचल्या होत्या, पण पाणी आधी आलं ते संडासाच्या भांड्यातून आणि न्हाणीघराच्या जाळीतून. दारातून नंतर.

त्यानंतर उंबरा दीड फूट उंच केला, जाळीवर झाकणं बसवली. गेल्या पावसाळ्यात गटार तुंबलं तेव्हा दाबाने झाकणं उडाली. जोतं उंचवणं शक्य नाही, वर दुसऱ्यांचं घर आहे. सासूबाईंना जिना चढवत नाही, त्यामुळे वेळेवर वर जाणंही अवघड. (पुरात नदीतल्या मगरी वस्तीत येतात, ती भीती वेगळीच!)

प्लंबर म्हणतो, बाहेरच्या गटाराच्या चेंबरमध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारी, उलटं येऊ न देणारी झडप) बसवा. पण तो बंद असताना आमचंच सांडपाणी कुठे जाणार? शिवाय कचरा अडकून झडप अर्धी उघडी राहिली तर सगळं फुकट. चेंबर सामायिक आहे, खर्च एकट्याने करायची तयारी आहे.

कुणी बसवला असेल तर सांगा: सामायिक चेंबरच्या आधी, फक्त आपल्या पाइपवर बसवता येतो का, आणि पूर आला तेव्हा खरंच टिकला का?