मदत हवी आहे : मॉड्युलर सिंथचे सुटे भाग आणि पॅनेल, बेळगाव भागात काय मिळेल, काय मागवावे?

खानापूर_पॅच

युरोरॅक मापाचा (मॉड्यूल शेजारी-शेजारी बसवण्याचं प्रचलित माप) छोटा मॉड्युलर सिंथेसायझर, म्हणजे सुटी मॉड्यूल तारांनी जोडून आवाज घडवणारं वाद्य, बांधायचा आहे. सहा मॉड्यूल : व्हीसीओ (सूर काढणारा ऑसिलेटर) १२ एचपी (पॅनेलच्या रुंदीचं एकक), फिल्टर, एडीएसआर (आवाजाचा चढ-उतार ठरवणारा) आणि मिक्सर प्रत्येकी ८, व्हीसीए (व्होल्टेजने आवाज कमी-जास्त करणारा) आणि एलएफओ (मंद लाट देणारा ऑसिलेटर) प्रत्येकी ६. एकूण ४८ एचपी. सर्किट ठरली आहेत, झिरो पीसीबीवर (भोकांच्या तयार पट्टीवर) सोल्डरिंग जमते. मल्टिमीटर आहे, ऑसिलोस्कोप नाही.

अडलंय ते सामानापाशी. खडे बाजार, गणपत गल्लीकडे रेझिस्टर, ट्रान्सफॉर्मर, साधे आयसी मिळतील हे धरून चाललो आहे. जॅक, छोटे पॉट (फिरवायचे कंट्रोल) आणि व्हीसीओचा आयसी कुठून घ्यावा? पॅनेल अ‍ॅल्युमिनियमचं करावं, अ‍ॅक्रिलिकचं की पीसीबीचं? इथे कोण कापून देईल, आणि त्याला नेमकं काय सांगायचं? पॅनेल आधी कापून घेतलं तर मांडणीचा अंदाज येईल असं वाटतंय.

तारजोड_कोल्हापूर

शेवटच्या वाक्यापासून सुरू करतो. पॅनेल सगळ्यात शेवटी. जॅक, पॉट, स्विच हातात आले, कॅलिपरने मोजले, मगच भोकांची मापं लिहा. उलट केलंत तर पत्रा भंगारात जातो आणि कापणावळ पुन्हा द्यावी लागते.

सामानाचे दोन ढीग करा. पहिला ढीग बेळगावात किंवा फार तर कोल्हापुरात होतो : ट्रान्सफॉर्मर, ७८१२, ७९१२ (अधिक आणि उणे १२ व्होल्टचे रेग्युलेटर), डायोड, इलेक्ट्रोलिटिक, एमएफआर (मेटल फिल्म) रेझिस्टर, बॉक्स कॅपॅसिटर, बर्ग स्ट्रिप, एफआरसी केबल (चपटी, पट्टीसारखी) आणि तिचे १० व १६ पिनांचे कनेक्टर, आयसी सॉकेट, बीसी५४७, बीसी५५७, सीडी४०१०६. रेझिस्टर मागताना ‘एमएफआर, एक टक्का’ असं स्पष्ट म्हणा. नुसतं ‘१०० के द्या’ म्हटलं की पाच टक्क्यांचे कार्बनचे हातात पडतात. मिक्सरला ते चालतील. व्हीसीओच्या सीव्ही (सूर ठरवणारं कंट्रोल व्होल्टेज) बेरजेला नाही. तिथे दोन १०० के एकमेकांशी जुळायला हवेत, दोन्ही ९९.६ के निघाले तरी हरकत नाही. वीस घ्या, मल्टिमीटरने जोड्या लावा.

दुसरा ढीग एकाच वेळी मागवा : जॅक, ९ मिमीचे पॉट, एएस३३४० (व्हीसीओचा आयसी), एलएम१३७०० (फिल्टर, व्हीसीएचा आयसी), आणि हो, टीएल०७२ व टीएल०७४ हे ऑप-अ‍ॅम्प (सिग्नल वाढवणारे आयसी) सुद्धा. एकेक करून मागवलं तर कुरिअरचाच खर्च मालापेक्षा जास्त होतो. माउझर, डिजीकी, एलिमेंट१४ यांच्याकडे ऑप-अ‍ॅम्पची खात्री असते. सिंथचे खास जॅक आणि पॉट मात्र इंग्लंडचं थॉन्क किंवा थायलंडचं तायडा अशा ठिकाणी सापडतात. परदेशातून येणाऱ्या पार्सलला केवायसीची कागदं लागतात आणि ड्युटी वेगळी पडते, ती आधीच हिशेबात धरा. मुंबईला कोणी जाणार असेल तर लॅमिंग्टन रोड, बंगळूरला जाणार असेल तर एस. पी. रोड. पण यादी भाग-क्रमांकासकट लिहून द्या, ‘तसलंच दुसरं’ घेऊन येऊ नका म्हणून बजावा.

निपाणी_सोल्डर

जॅकबद्दल. दुकानात ‘ईपी सॉकेट’ म्हणून मिळतो तो ३.५ मिमीचाच, पण बहुतेक वेळा स्टिरिओ असतो आणि त्यात स्विचचा पत्ता नसतो. युरोरॅकला मोनो आणि स्विचवाला हवा, पीजे३९८एसएम किंवा पीजे३०१एम जातीचा. पिन घातली नसताना आतली जोडणी चालू आणि घातली की तुटली, हे काम तोच पत्ता करतो. मिक्सरला स्टिरिओ सॉकेट चालवून घेता येईल : रिंगची (मधल्या कड्याची) टांग मोकळी सोडायची, टिप (पिनचं टोक) आणि बाहीच (ग्राउंडची बाजू) वापरायची. व्हीसीओ-फिल्टरला मात्र स्विचवालाच घ्या.

सहा मॉड्यूलांना साधारण तीस जॅक लागतील. चाळीस मागवा. सोल्डरिंग गनचा टिप दोन सेकंद जास्त टेकला की प्लॅस्टिक मऊ होतं आणि आतला पत्ता सरकतो. मग पिन घातली की आवाज खरखरतो आणि माणूस सर्किटमध्ये दोष शोधत बसतो.

पॉट इथले १६ मिमीवाले स्वस्त आणि टिकाऊ आहेत, पण ६ एचपीचं पॅनेल ३० मिमी रुंद. त्यात दोन शेजारी बसत नाहीत. एकाखाली एक लावणार असाल तर खुशाल घ्या. शिक्का ‘बी’ म्हणजे लिनियर, ‘ए’ म्हणजे लॉग, पण शिक्क्यावर भरवसा नको. दांडा मधोमध करून मोजा : निम्मा रेझिस्टन्स आला तर लिनियर, दहा-पंधरा टक्के आला तर लॉग.

उद्यमबाग_ड्रिल

पॅनेलचं मी सांगतो. उंची १२८.५ मिमी. एक एचपी ५.०८ मिमी असला तरी पॅनेल त्याहून किंचित अरुंद कापतात, नाहीतर शेजारी-शेजारी बसवताना शेवटचं घुसत नाही. डोएप्फरची (युरोरॅक सुरू करणारी जर्मन कंपनी) मापं धरा : ६ एचपीला ३० मिमी, ८ ला ४०.३, १२ ला ६०.६. स्क्रूची भोकं एम३ साठी ३.२ मिमी, वरून आणि खालून ३ मिमी आत, म्हणजे मधलं अंतर १२२.५. डावीकडून पहिलं भोक ७.५ मिमीवर. गोल भोकाऐवजी आडवं लंबगोल काढलंत तर रेलमधली (पॅनेल ज्यावर आवळतात ती पट्टी) अर्ध्या मिलिमीटरची चूक पोटात घेतं.

तुमची सहाही पॅनेल ओळीने ठेवली तर रुंदी २४१.५ मिमी होते. मध्ये ५-५ मिमी फट सोडली तरी ३०० बाय १५० च्या तुकड्यात मावतात. सहा वेगळी कामं नेऊ नका, एकच डीएक्सएफ (कापण्याच्या आराखड्याची) फाइल न्या, एकक मिलिमीटर. अक्षरं त्या फाइलमध्ये ठेवू नका, नाहीतर मशीन तीही आरपार कापेल.

उद्यमबाग, मच्छे भागात पत्र्याचं जॉबवर्क करणारे आहेत, मोठ्या कामांच्या मधल्या वेळेत लहान तुकडा घेतात. पहिला प्रश्न विचारा : लेसर फायबर की सीओटू? ट्रॉफी आणि नेमप्लेटवाल्यांकडे असतो तो बहुधा सीओटू, त्याने अ‍ॅक्रिलिक कापतं, अ‍ॅल्युमिनियम नाही. हिंडाल्कोचा अ‍ॅल्युमिनाचा कारखाना गावात असून २ मिमी पत्र्याचा वीतभर तुकडा मिळवायला चार दुकानं फिरावी लागतात, ही आपली गंमत. दीड मिमी मिळाला तरी चालतो.

अ‍ॅक्रिलिक ३ मिमी घेतलंत तर जॅकचे आटे पुरत नाहीत, नट एका फेऱ्यावर लटकतो. २ मिमी घेतलं तर नट आवळताना भोकापासून तडा जातो. शिवाय त्याला शिल्डिंग नाही, हात जवळ नेला की गुणगुण वाढू शकते. पीसीबीचं पॅनेल देखणं होतं, तांब्याचा थर ग्राउंडला जोडला की शिल्डही मिळतं. पण बऱ्याच ठिकाणी स्वस्त दर १०० बाय १०० मिमीपर्यंतच असतो. आपली उंची १२८.५, म्हणजे दर चढला. प्रत्येक डिझाइनचं एकच पॅनेल हवं असेल तर पत्राच बरा.

खानापूर_पॅच

सगळ्यांचे आभार. भोकांची मापं? आणि नावं कशी छापायची? पावडर कोटिंग करायचा विचार आहे.

उद्यमबाग_ड्रिल

जॅकला ६.२, ९ मिमी पॉटच्या एम७ आट्याला ७.२, ३ मिमी एलईडीला ३.२. स्विच कंपनीगणिक बदलतो, मोजूनच लिहा. पावडर कोटचा थर ६०-८० मायक्रॉन असतो आणि तो भोकाच्या काठावरही चढतो, त्यामुळे नेमकं ६.० कापलेलं भोक कोटिंगनंतर जॅक घेत नाही. मग लोक कानशीने घासतात आणि काठाचा रंग पापुद्र्यासारखा उडतो. पॅनेल ग्राउंडला जोडायचं असेल तर एका जॅकच्या मागच्या बाजूला नाण्याएवढा भाग खरवडून मोकळा ठेवा. पावडर कोट वीज वाहत नाही.

नावांसाठी लग्नपत्रिका छापणारे स्क्रीन प्रिंटर गाठा की. सहाही पॅनेलांची एकच स्क्रीन होते. फक्त शाई धातूची, दोन भाग मिसळून वापरायची मागा. कागदाची शाई नखाने निघते. छपाई कोटिंगनंतर आणि जॅक लावण्याआधी.

तारजोड_कोल्हापूर

पॉवर सप्लायवर कोणी बोललं नाही, आणि पहिला धूर तिथूनच निघतो.

ट्रान्सफॉर्मर १५-०-१५, १ अँपिअर घ्या. १२-०-१२ घेऊ नका. हिशेब बघा : १२ व्होल्ट एसीचं शिखर १७, डायोडचे ०.७ गेले की १६.३. घरात २३० ऐवजी २०० व्होल्ट आले की हेच १४.१ वर बसतं. ७८१२ ला आत किमान १४ हवेत, आणि अजून रिपल (डीसीवर उरलेला चढ-उतार) वजा केलेलाच नाही. परिणाम : दिवसा सगळं ठीक, संध्याकाळी व्होल्टेज पडलं की प्रत्येक आवाजाखाली १०० हर्ट्‌झची घुंई. १५-०-१५ ला आत सुमारे २० येतात, त्यामुळे अर्ध्या अँपिअरला प्रत्येक रेग्युलेटर ४ वॉट उष्णता टाकतो. हीटसिंक हवाच. फिल्टर कॅपॅसिटर दोन्ही बाजूंना ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट. प्रायमरीला २५० मिलिअँपिअरचा स्लो ब्लो फ्यूज.

आता चूक कुठे होते ते. ७८१२ च्या टांगा समोरून डावीकडून : इन, ग्राउंड, आउट. ७९१२ च्या : ग्राउंड, इन, आउट. शिवाय ७८१२ ची पाठ ग्राउंड असते, ७९१२ ची पाठ इनपुट. दोन्ही एकाच हीटसिंकवर नुसत्या स्क्रूने आवळल्या की उणे २० व्होल्ट थेट ग्राउंडला. अभ्रकाचा तुकडा आणि प्लॅस्टिक बुश लावा, मग सर्किटला वीज देण्याआधी पाठ आणि हीटसिंक यांच्यात मल्टिमीटरचा बझर लावून बघा. वाजला तर पुन्हा उघडा.

एफआरसीची लाल कडा उणे १२ वर. १० पिनांत पहिल्या दोन उणे १२, मधल्या सहा ग्राउंड, शेवटच्या दोन अधिक १२. उलटी घातली की दोन्ही रेल (इथे अधिक आणि उणे १२ च्या वाहिन्या) अदलाबदल होतात. म्हणून प्रत्येक मॉड्यूलच्या तोंडाशी दोन्ही रेलवर १एन५८१७ डायोड मालिकेत टाका.

निपाणी_सोल्डर

आयसीचं राहिलं. टीएल०७४ नसला की दुकानदार ‘सेम पिन आहेत’ म्हणून एलएम३२४ देतो. पिन सेम आहेत, काम सेम नाही. एलएफओला चालेल. आवाजाच्या वाटेवर शून्याजवळ लाट मोडते आणि आउटपुट बदलण्याचा वेग ०.५ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंदाच्या आसपास, टीएल०७४ चा १३.

शिक्का बदललेला टीएल०७२ ओळखायला स्कोप लागत नाही. ९ व्होल्टच्या बॅटरीवर १० के, २.२ के, १० के अशी साखळी लावा. वरचा सांधा, म्हणजे ४.९५ व्होल्ट, पिन २ ला. खालचा ४.०५ चा सांधा पिन ३ ला. पिन ८ ला अधिक, पिन ४ ला उणे. आता पिन १ मोजा. सव्वा-दीड व्होल्टच्या आसपास थांबला तर ठीक. शून्याला जवळजवळ टेकला तर आत एलएम३५८ आहे. ४५५८ भरलेला असेल तर या चाचणीत सापडत नाही, म्हणूनच वर खात्रीच्या ठिकाणाहून घ्या म्हटलंय.

व्हीसीओला एएस३३४० घ्या म्हणतात त्याचं कारण : ट्रान्झिस्टरच्या जोडीवर एक्स्पो (व्होल्टेजचं सप्तकांत रूपांतर करणारा भाग) केलात तर ३३०० पीपीएमचा टेंपको (तापमानाबरोबर ठरावीक बदलणारा) रेझिस्टर लागतो, तो गल्लीत मिळत नाही. तो नसेल तर १० अंश तापमान वाढल्यावर तीन सप्तकांत एका सेमिटोनहून थोडा जास्त फरक पडतो. एएस३३४० मध्ये ती भरपाई आतच आहे. फक्त पिन ३ ला उणे १२ थेट देऊ नका, ४७० ओहम मधून द्या. पिन ११ चा १ नॅनोफॅरड कॅपॅसिटर पॉलिस्टायरिन किंवा एनपीओ (तापमानाने न बदलणारा सिरॅमिक). तपकिरी सिरॅमिक डिस्क लावलीत तर पंखा लावला-बंद केला तरी सूर हलेल.

खानापूर_पॅच

रेलसाठी २० बाय २० चं अ‍ॅल्युमिनियम टी-स्लॉट प्रोफाइल आणि त्यात सरकणारे एम३ नट, हे चालेल का?

उद्यमबाग_ड्रिल

चालेल. दोन प्रोफाइलच्या मध्यरेषांत १२२.५ मिमी ठेवा. मग आतली मोकळी जागा उरते १०२.५, त्यामुळे झिरो पीसीबी उंचीला १०० च्या आत कापा, कडेला सोल्डरचे टोक नको. आणि नट आधी मोजून सरकवा, प्रत्येक रेलमध्ये दोन-तीन जास्तीचे. टोकं बंद केल्यावर नट कमी पडला तर सगळं खोलावं लागतं.