यवतेश्वरच्या वाळक्या शेवाळात टार्डिग्रेड जिवंत असतात का?

कातळवेडा: साताऱ्याजवळच्या यवतेश्वर घाटातलं दगडावरचं शेवाळ एप्रिलमध्ये पार कुरकुरीत होतं. त्यात टार्डिग्रेड (डोळ्यांना न दिसणारे आठ पायांचे सूक्ष्म प्राणी) तग धरतात का? बघायचे कसे?

थेंबभर: धरतात. पाणी आटू लागलं की प्राणी आठही पाय आत ओढून पिंपासारखा आखडतो. अंगातलं पाणी जेमतेम २-३ टक्के उरतं, चयापचय जवळपास बंद. पेशींतली खास प्रथिनं काचेसारखी घट्ट होऊन आतली रचना सांभाळतात. मात्र सुकणं सावकाश हवं. शेवाळ ओल धरून ठेवतं, म्हणून तिथं जमतं. काचपट्टीवरचा थेंब पंख्याखाली सुकवलात तर बहुतेक मरतातच.

गाळसाळ: रुपयाएवढा तुकडा घ्या, माती झटका, पेट्री डिशमध्ये (काचेच्या उथळ बशीत) उपडा ठेवून पाणी घाला. पाणी पावसाचं, किंवा नळाचं असेल तर क्लोरीन उडायला दिवसभर उघडं ठेवलेलं. १२ ते २४ तासांनी शेवाळ त्यातच पिळा, तळचा गाळ ड्रॉपरनं उचला. सूक्ष्मदर्शकात ४० पट पुरे, पण डायफ्रॅम (उजेड कमी-जास्त करणारी झडप) बारीक करा. हे जीव पारदर्शक, भगभगीत उजेडात दिसतच नाहीत. सुतासारखे वळवळतात ते सूत्रकृमी (बारीक जंत), टार्डिग्रेड नव्हेत. डोक्यावर चक्रं फिरल्यासारखी दिसली तर रोटिफर, हा दुसराच सूक्ष्म जीव; तेही असेच सुकून टिकतात.

थेंबभर: आणि भिजवलेली डिश उन्हात नको! टार्डिग्रेड ‘कशानंच मरत नाही’ म्हणतात, ते सुकलेल्या अवस्थेपुरतं, तेही अर्धवटच. २००७ मध्ये फोटॉन-एम३ यानावर त्यांनी अवकाशातली निर्वात पोकळी सोसली, पण सोबत सूर्याचे अतिनील किरण पूर्ण पडले तेव्हा मोजकेच वाचले. डेन्मार्कमधल्या २०२० च्या प्रयोगात तर पाण्यातले, हालते-चालते टार्डिग्रेड ३७ अंशांत २४ तासांत निम्मे गेले. साताऱ्याच्या मेमधल्या उन्हात डिश त्याहूनही तापू शकते.