मदत हवी आहे: रासेयो शिबिर गावात घेताना ग्रामपंचायतीने काय बघायचं?

कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं सात दिवसांचं निवासी शिबिर डिसेंबरात आमच्या गावात ठरतंय. 50 स्वयंसेवक, निम्म्या मुली. काम वनराई बंधाऱ्याचं, म्हणजे माती-वाळूने भरलेल्या गोण्या रचून ओढ्यावर घातलेल्या तात्पुरत्या बांधाचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, सुतळी, दाभण, घमेली आधीच जमवतोय, नाहीतर पहिला दिवस शोधाशोधीतच जातो. गोण्या पाऊणच भरायच्या (गच्च भरल्या की नीट बसत नाहीत, फटींतून पाणी निघून जातं) आणि ओढ्याचा तळ साफ करूनच पहिला थर लावायचा, एवढं पक्कं.

अडतंय ते वेगळंच. मुक्काम झेडपी शाळेत, पण मुलींसाठी दोनच संडास. तात्पुरती सोय कोणी कशी केली? शिबिराचं अनुदान कॉलेजकडे येतं, मग शिधा आणि मंडपाची बिलं कॉलेजच्या नावानेच घ्यायची ना? ट्रॅक्टरचं भाडं पंचायतीने दिलं तर चालतं का? रासेयोचे कार्यक्रम अधिकारी (कॉलेजात ही योजना सांभाळणारे प्राध्यापक) कोणी असतील तर कृपया सांगा.